हरभऱ्यातला जोंधळा

"सापडलं!"

नाना ओरडले, तेव्हा मी कादंबरीच्या अशा पानावर होते की नायिका निघून जाणार की थांबणार हे पुढच्या चार ओळींत कळणार होतं. मी मान वर केली नाही.

"चारू, काय म्हणतेस? सोनं?"

"पत्री," मी म्हटलं.

खुरप्याने माती उकरल्याचा आवाज आला. मग विजारीवर काहीतरी घासल्याचा. 

"पत्रीच आहे," नाना म्हणाले. "पण बघ तरी, किती सुरेख झिजलीय."

बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडी पत्री. त्या रानात दर चार पावलांवर एक निघायची आणि नानांना ती दर वेळी सुरेखच वाटायची. घरी गॅलरीत तेलाच्या डब्यात तसल्या सुरेख पत्र्या काठोकाठ भरल्या होत्या. आई म्हणायची, "एवढ्या लोखंडात एक बैल उभा राहिला असता."

पुण्याहून नगरच्या बाजूला दीड-दोन तासांवर हिवरदरा नावाचं गाव आहे. गावाबाहेर मथाबाई ढगे यांचं रान आहे, त्याला सगळे 'लाइनी' म्हणतात. कंपनी सरकारच्या काळात तिथे गोऱ्या पलटणीचा तळ पडायचा, तंबूंच्या ओळी लागायच्या, म्हणून लाइनी. आता तंबूही नाहीत आणि गोरेही नाहीत. पण शिपाई लोक जिथे राहतात तिथे काही ना काही पाडून जातात. बटणं, शिशाच्या गोळ्या, पट्ट्यांची बक्कलं, चमच्यांचे तुटके दांडे. अलीकडे त्या रानाच्या एका कडेने रुंद रस्ता गेला आहे. मी सांगते आहे तेव्हा तो नव्हता. तेव्हा तिथे फक्त बाजरी होती, हरभरा होता, बांधावर एक मोठा कडुनिंब होता, आणि निवृत्त झाल्यापासून महिन्यातून दोनदा माझे वडील होते.

नानांचं आयुष्य टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडण्यात गेलं. जमिनीखाली काहीतरी आहे ही खात्री त्यांच्या हाडांतच होती. आणि डाव्या नडगीत स्टीलचा रॉड होता. तो एका पावसाळ्यात स्कूटर आणि म्हैस यांच्या भेटीत बसवावा लागला. म्हशीला काही झालं नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी धातू शोधायचं मशीन मागवलं. लांब दांडा, टोकाला थाळी. थाळीखाली धातू आला की 'टीं' वाजायचं. पहिल्याच दिवशी ते लाइनीत उतरले आणि मशीन वाजायचं थांबेचना. नानांनी तिथेच बसकण मारली आणि खणायला घेतलं. वीत झाली, हात झाला. मशीन वाजतंच आहे. खजिनाच लागला असणार म्हणून बघायला शेजारच्या रानातली माणसं जमली. घाम पुसायला नाना उठून चार पावलं गेले आणि मशीन गप्प झालं. परत खड्ड्याशी येऊन बसले, दुमडलेला पाय थाळीला लागला, पुन्हा टीं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ते ज्याचा शोध घेत होते तो त्यांचाच पाय होता.

मथाबाई ही गोष्ट गावात कुणालाही सांगायची. "सोताला खणाया निघाला व्हता ह्यो टेलिफोनवाला," ती म्हणायची. तेव्हापासून नानांना तिने दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. टेलिफोन.

मथाबाई साठीची, उंच, कोरडी बाई. रान तिच्या नावावर होतं आणि आवाज तर होताच. नानांनी तिला पहिल्यांदा परवानगी विचारली तेव्हा तिने मशीनकडे बघून विचारलं होतं, "ह्यो झाडू कितीला?" आणि परवानगी दिली ती दोन अटींवर. एक, उभ्या पिकात पाय ठेवायचा नाही. रान मोकळं असेल तेव्हाच यायचं. दुसरी जरा वेगळी होती.

"खड्डा खणला तर तसाच बुजवायचा न्हाई," ती म्हणाली होती. "वरच्या मातीत मूठभर जोंधळा टाकायचा, मंग झाकायचं. बी न टाकता खड्डा माणूस एकाच कामासाठी बुजवतो, मढं पुराया. माझ्या रानात तसलं नको."

नानांनी ही अट मनापासून पाळली. काही सापडो न सापडो, खणलं की मूठभर ज्वारी. त्यांच्या विजारीच्या डाव्या खिशात कायम ज्वारी असायची. आमच्या वॉशिंग मशीनमध्ये दर धुण्याला पाच-दहा दाणे निघायचे आणि आई ते गॅलरीत चिमण्यांना टाकायची.

मी त्यांच्याबरोबर जायची, कारण आईचा हुकूम होता. रॉडवाल्या पायाने त्यांनी एकट्याने ढेकळांत फिरायचं नाही. माझी सुट्टी असेल त्या दिवशीच जायचं. त्या काळी मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका वाचायच्या आणि सुट्टीला निंबाखाली बसून आपल्या आवडीचं वाचायचं, हा सौदा मला बरा वाटायचा. मी वाचायची, नाना शोधायचे. मधूनमधून "सापडलं!" असं ऐकू यायचं आणि मी "पत्री" म्हणायची. बहुतेक वेळा माझं बरोबर निघायचं.

त्या दिवशी बाजरी निघालेली होती, रान कुळवून सपाट केलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी हरभरा पेरायचा होता.

"आजचाच दिस हाय," मथाबाई आल्याआल्या म्हणाली. "उद्या सकाळी पेरणी. मंग फागुनापर्यंत पाय ठिवायचा न्हाई. काय झाडायचं ते झाडून घ्या. कोपरे ऱ्हायले तर माझ्या नावानं ओरडू नका."

"मथाबाई, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर हाय. तुमच्या पायावर न्हाई."

तंबूंच्या ओळी होत्या रानाच्या पलीकडच्या अर्ध्यात, विहिरीकडे. आतापर्यंत जे काही बरं निघालं ते तिकडेच. तरी नाना सकाळपासून माझ्या झाडाभोवतीच घोटाळत होते. दहा पावलं जायचे, टीं, बसायचे, उकरायचे, खिशात हात घालायचे, झाकायचे, थाळी परत एकदा फिरवून खाली काही राहिलं नाही ना ते बघायचे, आणि उठायचे. मग अर्धा फेरा मारून पुन्हा माझ्यापाशी. नायिका काही केल्या निघून जाईना आणि मला एकेक ओळ दोनदा वाचावी लागत होती.

"नाना, तिकडे विहिरीकडे जा ना. इथे काय आहे?"

"इकडेही बघायला नको का? तिकडे ऊन आहे."

"मग टोपी घाला."

"टोपी घातली की मशीनचा आवाज नीट येत नाही."

टोपीचा आणि कानांचा काय संबंध हे मी विचारलं नाही. नानांच्या कारणांच्या फार खोलात गेलं की पत्रीच निघायची.

"घेतेस का जरा?" मशीन पुढे करत त्यांनी विचारलं. "हलकं आहे. नुसतं झाडल्यासारखं फिरवायचं."

"एवढं प्रकरण संपवते."

"मोठं आहे?"

"बरंच."

"चालू दे मग," नाना म्हणाले आणि माझ्या पिशवीशेजारीच थाळी फिरवायला लागले. टीं वाजलं. माझ्या डब्याचा चमचा होता.

दुपारी जेवणाआधी मी विहिरीवर पाणी आणायला गेले. कुळवलेल्या मातीतून चालताना चपलेच्या टोकाने काहीतरी उडालं. हिरवट पडलेलं, करंगळीच्या नखाएवढं गोल बटण. मागे कडी शाबूत. पुढे एक आकडा, अर्धा झिजलेला. मी ते उचललं, कळशी भरली, परत आले आणि काही न बोलता नानांच्या तळहातावर ठेवलं.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी अंगठ्याने हळूच पुसलं.

"कुठे?"

"विहिरीच्या अलीकडे. चपलेला लागलं."

"मशीन नाही, काही नाही, आणि पलटणीचं बटण!" ते म्हणाले. "कडीसकट! मी एवढी वर्षं इथे झक मारतोय. मग ओरडली का नाहीस?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? सापडलं की ओरडायचं. एवढं शिकलीस आणि हे माहीत नाही?"

"नाना, ते तुमचं तुम्ही ठरवलंय. असा काही नियम नाहीये."

"आहे. ज्याचं हरवलं त्याला कळायला नको?"

मी हसले. "तो दीडशे वर्षांपूर्वी गेलाय."

"मग? माणूस गेला म्हणजे त्याचं हरवलेलं सापडायचं नाही का? अगं, परेडला बटण नाही म्हणून त्या पोरावर साहेब ओरडला असेल. त्याने सगळा तंबू उलटापालटा केला असेल. अजून शोधत असेल बिचारा. आपण इथून ओरडलं की तो तिथे सुटतो."

"तिथे म्हणजे इंग्लंडात?"

"जिथे असेल तिथे. म्हण एकदा."

"नाना, शेजारच्या रानात माणसं आहेत."

"माणसं रोज माझं ऐकतात."

"म्हणूनच."

नानांनी बटण शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिसा थोपटला. "बरं. पुढच्या वेळी."

मथाबाईने भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचलेला कांदा आणला होता. निंबाच्या सावलीत आम्ही तिघं बसलो. तिने कनवटीची चंची सोडली, सुपारी काढली. त्या चंचीच्या दोरीला पितळेचं चकचकीत बटण होतं. नानांनी मागे दिलेलं. कोण्या गोऱ्या साहेबाच्या छातीवरचं बटण आता मथाबाईचा काथ आणि चुना सांभाळत होतं.

"टेलिफोन," ती म्हणाली, "ह्ये समदं गोळा करून तुमी करणार काय?"

"काही नाही. बघणार."

"आणि तुमी गेल्यावर?"

"चारू फेकून देईल."

"मी कशाला फेकू?" मी म्हटलं. "आई फेकेल."

नाना हसले. मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता डावा पाय लांब करून नडगीवर थापटी मारत म्हणाले, "एक मात्र फेकायचं नाही. मी गेलो की हा रॉड इथे आणून पुरायचा."

"शिळी भाकरी न्हाई दिली म्या," मथाबाई म्हणाली. "मंग डोकं कशानं फिरलं?"

"नाना, जेवा."

"ऐक तर. दोनशे वर्षांनी एक माणूस येईल मशीन घेऊन. टीं वाजेल. तो खणेल. निघेल हा रॉड. दोन्ही टोकांना भोकं, चकाचक, गंज नाही. तो म्हणेल, हे काय असेल बुवा? तंबूची खुंटी? बंदुकीचा भाग? तज्ज्ञ जमतील. भांडतील. मग म्युझियममध्ये काचेत ठेवतील आणि खाली पाटी लावतील. उपयोग अज्ञात."

मला ठसका लागला. मथाबाईने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि नानांना म्हणाली, "दोनशे वर्सं कशाला? पुढच्या नांगरटीलाच वर यील. माझा नातू नांगराचा फाळ मोडला म्हणून तुमच्या नावानं खडे फोडील."

"मग खोल पुरा."

"तुमी आधी भाकरी पुरा पोटात."

संध्याकाळपर्यंत नानांना आणखी चार पत्र्या, एक खिळा आणि चॉकलेटची चांदी सापडली. माझं प्रकरण संपलं तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडीत बसताना नानांनी खिशातून बटण काढून पुन्हा पाहिलं.

"आता हरभरा निघाल्यावर येऊ," ते म्हणाले. जणू बटणालाच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गेले. आई चहा गाळत होती. त्यांनी पेपर मागितला, तो घेऊन मी आत आले, तर ते खुर्चीत होते आणि नव्हते. डॉक्टरांनी जे सांगितलं ते समजायला सोपं होतं. चहा कुणी प्यायलं नाही.

अग्नी मी दिला. बापूकाकांना, म्हणजे नानांच्या धाकट्या भावाला, ते तितकंसं रुचलं नाही, पण तेव्हा ते काही बोलले नाहीत. बोलले ते तिसऱ्या दिवशी, सावडायला गेलो तेव्हा. तिथला माणूस राखेत पाणी मारून काठीने अस्थी बाजूला करत होता. काठीला काहीतरी लागलं. खण्ण. त्याने ते चिमट्याने उचललं, काळंभोर, हातभराहून कमी, दोन्ही टोकांना भोकं.

"ताई, हे तुमचं का? काय आहे हे?"

माझ्या तोंडून 'उपयोग अज्ञात' निघायच्या बेतात होतं. ओठ दाबून मी हात पुढे केला.

"चारू, ते तिथेच राहू दे," बापूकाका म्हणाले.

"नको. हवं आहे मला."

"अगं, ते घरी नेत नाहीत. निदान डोहात सोड अस्थींबरोबर."

"बापूभावजी," आई मागून म्हणाली. ती तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणाशी तरी धड बोलत होती. "त्यांच्या पायात होता तेव्हा तो रोज माझ्या घरात चालत होता. आताच काय झालं?"

मी तो रॉड पिशवीत टाकला. तेरावा झाल्यावर बापूकाकांनी फोनवर सांगितलं की दिवाळीला आले की ते स्वतः नेऊन डोहात सोडतील आणि ह्या विषयावर चर्चा नको. आईने तो घासूनपुसून ठेवला. पण ठेवायचा कुठे? देवघरात नाही, कपाटात नाही. शेवटी तो डावांच्या खणात गेला. रोज आमटी वाढायला डाव काढताना तो हाताला लागायचा. एक दिवस आई डावाऐवजी तोच हातात घेऊन ओट्याशी उभी होती.

"चारू," ती म्हणाली, "बापूभावजी यायच्या आत कर ह्याचं काय करायचं ते."

लाइनीतल्या दुपारचं मी तिला सांगितलं होतं.

"मथाबाई करू देईल?"

"माहीत नाही."

"मग विचार. आणि ते मशीनही ने. गॅलरीत दिसलं की मला ते वाजेल असं वाटतं."

दिवाळीच्या तोंडावर मी एकटीच हिवरदऱ्याला गेले. पिशवीत जुन्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेला रॉड, डिकीत मशीन. पुस्तक घ्यायचं लक्षात राहिलं नव्हतं. हरभरा उगवून वीतभर झाला होता. उभं पीक, म्हणजे पाय ठेवायची परवानगी नाही. मी बांधावरच थांबले.

मथाबाई विहिरीकडून आली. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"टेलिफोनचा फोन लागंना," ती म्हणाली, "तवाच समजले."

आम्ही बांधावर बसलो. तिने चंची सोडली, पुन्हा बांधली. मग मी नॅपकिन उलगडला आणि कशाला आले ते सांगितलं.

ती अशी मागे सरकली की मला वाटलं बांधावरून पडेल.

"मढ्यातलं लोखंड? माझ्या रानात? पोरी, उभं पीक हाय!"

"नाना म्हणाले होते. तुमच्यासमोरच."

"माणूस भाकर खाता खाता काय बी म्हंतो. मी बी म्हंते, उद्या राजाला जाऊन सांगन. जाते व्हय?"

"मथाबाई, दुसरीकडे कुठे नेऊ? काका डोहात टाकणार आहेत."

"मंग टाकू दे की. पाणी वाईट का?"

"पाण्यात कुणाला सापडणार?"

तिने पुन्हा रॉडकडे पाहिलं, ह्या वेळी जरा जवळून. "ह्योच व्हय वाजायचा?"

"हाच."

"लई वाजायचा मेला." तिने नाक ओढलं. मग एकदम उठली, कंबरेवर हात ठेवला आणि माझ्यावरच डाफरली. "आणि तुझ्या बापानं काय करून ठिवलंय, ते बघितलं का? इकडं ये. बांधावरनं चाल. बघ तिकडं. बघ ना!"

मी पाहिलं. सगळं रान हरभऱ्याचं, सारखं, बुटकं, हिरवं. आणि मधेच पोपटी, उंच, लांब पात्यांचे झुबके. इथे एक. तिथे दोन. हरभऱ्यात जोंधळा.

"पेरणीनंतर पाऊस झाला आणि हे समदं वर आलं," मथाबाई म्हणाली. "खुरपायला बाया आल्या तर हसाया लागल्या. म्हंत्यात, मथाबाई, बेणं मिसळलं का? म्या म्हटलं, मिसळलं न्हाई. टेलिफोन झाडून गेलाय."

"मग उपटलं का नाही?"

"ऱ्हाऊ द्या म्हटलं," ती म्हणाली, आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

मी बांधावर उभी राहून झुबके बघत होते. नाना त्या दिवशी कुठे कुठे बसले, ते सगळं तिथे उगवलं होतं. विहिरीकडे, जिथे बटण सापडलं, जिथे तंबू होते, तिथे एकही नव्हता. मधल्या रानात एखाद-दुसरा. आणि निंबाभोवती, ज्या बुंध्याला पाठ टेकून मी दिवसभर बसले होते त्याच्याभोवती, जोंधळ्याचं अक्षरशः रिंगण झालं होतं. काही झुबके इतके जवळ की मी हात लांब केला असता तर पोचला असता.

"तिथं काय बी न्हाई," मथाबाई माझ्या नजरेमागे बघत म्हणाली. "निंबाखाली तळ नव्हताच कधी. पत्री सोडून काय निघायचं न्हाई, ते म्या त्यास्नी पयल्या दिवशीच सांगितलेलं. ठाव व्हतं त्यास्नी."

"हो?"

"मंग! तरी दर बारीला फिरून हितंच. म्या इचारलं बी एकदा. आवो टेलिफोन, हितं काय पुरलंय तुमचं? तर म्हनले, सावली हाय."

पलीकडच्या रानात कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली आणि पाणी पाटात पडल्याचा आवाज यायला लागला.

मग मथाबाई म्हणाली, "निंबाच्या बुडाशी नांगर जात न्हाई. मुळ्या हायेत."

मी तिच्याकडे पाहिलं.

"रानात न्हाई म्हटलं म्या. निंबाखाली नको असं कुठं म्हटलं?" ती जवळजवळ रागाने म्हणाली. "खोल खण. आणि हरभऱ्यात पाय टाकू नको, कडंकडंनं जा. खुरपं आणलंस का तुझ्या बापासारखं माझंच घ्यायचंय?"

खुरपं तिचंच घेतलं. डिकीतून मशीनही आणलं. निंबाच्या दोन मुळांच्या मध्ये मी खणायला बसले. नाना खणायचे तेव्हा ते फार सोपं दिसायचं. माती कडक होती, मुळांचे तंतू मधे येत होते, आणि माझी बोटं कागदाला सरावलेली. मथाबाई दोन-चारदा "दे हिकडं" म्हणाली. मी दिलं नाही. शेवटी हात कोपरापर्यंत आत जाईल एवढा खड्डा झाला. रॉड नॅपकिनमधून काढला. निंबाच्या पानांतून येणाऱ्या उन्हात तो चमकला, खरंच चकाचक, गंजाचा ठिपका नाही. तज्ज्ञांची पंचाईत होणार होती. मी तो आडवा ठेवला आणि माती लोटली.

"थांब," मथाबाई म्हणाली. "वरची माती ऱ्हाऊ दे."

माझ्याकडे ज्वारी नव्हती. एवढं सगळं लक्षात ठेवून आणलं आणि तेवढंच विसरले. मी ओशाळून तिच्याकडे पाहिलं. तिने पदराच्या गाठीला हात घातला, गाठ सोडली आणि माझ्या हातावर मूठभर जोंधळा ओतला. म्हणजे मला बांधावर उभी बघून विहिरीकडून निघतानाच तो तिने बांधून आणला असणार. कशासाठी, ते तिला तरी तेव्हा ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

मी दाणे पसरले. वरून माती टाकली. थापटली.

"झालं," मथाबाई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. "चल आता. च्या टाकते."

"एक राहिलंय."

झाकल्यावर थाळी परत एकदा फिरवायची, ही नानांची पद्धत. मी मशीन उचललं. खरंच हलकं होतं. बटण दाबलं, दांडा हातात नीट धरला आणि झाडल्यासारखं, मुळांवरून, हळूहळू फिरवलं. एकदा काही नाही. मग थाळी जराशी डावीकडे गेली.

टीं.

शेजारच्या रानात पिकाला पाणी देणाऱ्या माणसाने मान वर केली. पलीकडे खुरपणाऱ्या दोन बाया वळून बघायला लागल्या. मी थाळी तिथेच धरून ठेवली. मशीन वाजत राहिलं. मथाबाई पदर हातात धरून माझ्याकडे बघत होती.

मी मोठा श्वास घेतला आणि विहिरीपर्यंत, पलीकडच्या टेकाडापर्यंत, जिथवर जाईल तिथवर जावा असा आवाज काढून ओरडले,

"नाना, सापडलं!"